राक्षस तोच, आकडे वेगळे

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा फाशांवर चालणारा, पात्रं रंगवायचा खेळ खेळणाऱ्या वाचकांचे या वेळचे बहुतेक प्रश्न राक्षसांबद्दल आहेत. आवृत्ती बदलली की पुस्तकातला राक्षस का बदलतो, आणि टेबलावर त्याचं काय करायचं?

प्रश्न : आमच्याकडे २०१४चं आणि २०२५चं अशी दोन्ही मॉन्स्टर मॅन्युअल (खेळातल्या प्राण्यांची पुस्तकं) आहेत. दोन्हींत ‘राक्षस’ याच नावाचा, वाघाच्या डोक्याचा प्राणी आहे. आपल्या राक्षसाचं हे असं कसं झालं? आणि यातला कोणता वापरावा? (पुणे)

उत्तर : पुराणांचा यात वाटा थोडाच. १९७७च्या पहिल्या मॉन्स्टर मॅन्युअलमध्ये खेळाच्या निर्मात्यांपैकी एक गॅरी गायगॅक्स यांनी राक्षसाला ७ हिट डाइस (हिट पॉइंट, म्हणजे किती मार सोसेल ते ठरवणारे फासे) आणि उणे ४ एसी (त्याला घाव लागणं किती अवघड ते सांगणारा आकडा) दिला. तेव्हा एसी जितका खाली तितका चांगला. आठव्या लेव्हलच्या (पायरीच्या) खालचे मंत्र त्याला लागत नसत, पण क्लेरिकनं (पुजाऱ्यानं) ‘ब्लेस’ केलेला, म्हणजे आशीर्वाद दिलेला, क्रॉसबोचा बाण बसला की तो जागच्या जागी मरे. हा बाण ना रामायणात आहे ना महाभारतात. १९७४ साली अमेरिकी टीव्हीवर आलेल्या ‘कोलचॅक : द नाइट स्टॉकर’ मालिकेच्या एका भागातला राक्षस मात्र असाच मरतो, आणि शिकारीच्या विश्वासातल्या माणसाचं रूप घेऊन जवळ येतो. वाघाचं डोकं आणि हातातला पाइप १९७७च्या पुस्तकातल्या चित्रात दिसतो. रूप बदलणं तेवढं आपल्या ओळखीचं. रामाच्या आवाजात हाक मारणारा मारीच आठवा.

पुढच्या बहुतेक आवृत्त्यांनी तोच बाण आपापल्या गणितात बसवला. ३.५ आवृत्तीत (२००३) राक्षस सीआर (आव्हानाची पातळी) १०चा, ५२ हिट पॉइंटचा झाला. प्रत्येक घावातले १५ तो गिळतो, अपवाद फक्त सत्प्रवृत्त जादू असलेल्या टोकदार शस्त्राचा. मंत्रांसाठी स्पेल रेझिस्टन्स २७, म्हणजे जादूगाराची लेव्हल अधिक फासा मिळून २७ व्हायला हवेत. दहाव्या लेव्हलच्या जादूगाराला २० बाजूंच्या फाशावर १७ किंवा वर हवेत, म्हणजे पाचांतले चार मंत्र वाया. चौथ्या आवृत्तीनं (२००८) एका राक्षसाचे योद्धा, तिरंदाज, मारेकरी असे कामानुसार तुकडे पाडले. लढाई चांगली झाली, पण प्राण्याचं गूढ गेलं, असं आमचं मत.

२०१४च्या पुस्तकात तो सीआर १३, एसी १६, ११० हिट पॉइंट. सहाव्या लेव्हलपर्यंतचा मंत्र त्याची इच्छा नसेल तर लागत नाही. अडचण माराची आहे. दोन पंजे, प्रत्येकी सरासरी ९. दोन्ही लागले तरी फेरीला १८. एवढ्यानं दहाव्या-अकराव्या लेव्हलचा फायटर (योद्धा) हलत नाही, आणि जादूगार मात्र हात बांधून बसतो. थोडक्यात, लढाई सोपी आणि तरी कंटाळवाणी. २०२५मध्ये दोन्ही टोकं ताणली आहेत. २२१ हिट पॉइंट, तीन हल्ले, प्रत्येकी सरासरी ३१, म्हणजे तिन्ही बसले तर ९३. मंत्रांविरुद्धचा सेव्ह (बचावाचा फासा) तो आपोआप जिंकतो. आणि टोकदार शस्त्रानं दुप्पट इजा कधी होते? ते शस्त्र धरणाऱ्यावर ‘ब्लेस’ चालू असेल तेव्हा. १९७७चा बाण असा परत आला.

वापरायचा २०२५चाच. मात्र ‘ब्लेस’चा सुगावा लढाईच्या आधी किमान दोन ठिकाणी पेरा, आणि जादूगाराला मित्रांवर मंत्र टाकायची आठवण करून द्या. ‘हेस्ट’ हा वेग वाढवणारा मंत्र आपल्या फायटरवर टाकायला राक्षसाची परवानगी लागत नाही.

प्रश्न : पहिल्या आवृत्तीचं एक साहस पाचव्या आवृत्तीत चालवतोय. एका खोलीत १२ ऑर्क आहेत. पहिल्याच खोलीत सगळी पार्टी (खेळाडूंची पात्रं) गारद झाली. (नाशिक)

उत्तर : नावं जुळवलीत, वजन जुळवलं नाही. १९७७चा ऑर्क म्हणजे एक आठबाजू फासा, सरासरी साडेचार हिट पॉइंट. २०१४चा ऑर्क १५चा. तुमच्या १२ जणांचे ५४चे थेट १८० झाले. पहिल्या लेव्हलचा फायटर तलवारीनं (१डी८+३, म्हणजे एक आठबाजू फासा अधिक ३) सरासरी साडेसात मारतो. जुना ऑर्क एका घावात पडे, नव्याला दोन लागतात आणि तेवढा वेळ तो १डी१२+३ची कुऱ्हाड चालवतो.

म्हणून खोलीतल्या हिट पॉइंटची जुनी बेरीज करा आणि तिला नव्या प्राण्याच्या हिट पॉइंटनं भागा. ५४ भागिले १५, म्हणजे तीन, फार तर चार ऑर्क. जुना एसी वापरायचाच असेल तर २०मधून वजा करा. ६चा १४ होतो. पण शक्यतो नवीच नोंद वापरा. २०२५च्या पुस्तकात ऑर्कचं वेगळं पान नाही, तिथे माणसांसाठी दिलेल्या ‘टफ’सारख्या नोंदी घ्याव्या लागतात.

आकड्यांपेक्षा मोठी चूक धैर्याची. १९८१च्या बेसिक संचात प्रत्येक प्राण्याला मोराल असे, ऑर्कचं ८. पहिला साथीदार पडला की आणि निम्मे पडले की २डी६ टाकायचे. ८पेक्षा जास्त आले तर ते पळतात, म्हणजे दर वेळी साधारण २८ टक्के शक्यता. हा नियम जसाच्या तसा उचला. जुन्या साहसात अनुभवाचे गुण मुख्यतः सोन्याचे मिळत, म्हणून न लढता निसटणं शहाणपणाचं होतं. नव्या नियमांत मारल्याशिवाय काही मिळत नाही असं खेळाडूंना वाटलं की ते प्रत्येक खोलीत मरेपर्यंत लढतात.

(आणि हो, जुन्या पानावर ऑर्कची संख्या ३० ते ३०० लिहिली आहे. तो रानातल्या टोळीचा आकडा आहे, खोलीतला नव्हे!)

प्रश्न : जुने खेळाडू ‘वाइट’चं (चालत्या-फिरत्या मढ्याचं) नाव काढलं की अजून दचकतात. आमच्या टेबलावर त्याला कुणी भीक घालत नाही. (ठाणे)

उत्तर : पहिल्या आवृत्तीत वाइटचा एक फटका म्हणजे एक लेव्हल गेली, सेव्ह नाही. शिवाय अनुभवाचे गुण खालच्या लेव्हलच्या मध्यावर घसरत. २,४०,००० गुणांचा आठव्या लेव्हलचा फायटर क्षणात ९७,५००च्या आसपास. कित्येक महिन्यांचा खेळ पुसला जाई, वर सगळा कागद नव्यानं मांडायचा. ३.५नं चोवीस तासांनी १४चा फोर्टिट्यूड (शरीराच्या चिवटपणाचा) सेव्ह दिला, चौथीनं एक हीलिंग सर्ज (जखमा भरून काढायची संधी) काढून घेतला, आणि २०१४मध्ये १३चा कॉन्स्टिट्यूशन सेव्ह चुकला तर कमाल हिट पॉइंट घटतात, तेही पुढच्या लाँग रेस्टपर्यंतच. झोपून उठलं की मोकळे, मग घाबरणार कोण?

लेव्हल घ्यायला परत जाऊ नका, खेळाडू रुसतात ते बरोबरच आहे. घटलेले कमाल हिट पॉइंट एका लाँग रेस्टला पाचच परत येतील असं ठरवा. सगळे एकदम हवे असतील तर ‘ग्रेटर रेस्टोरेशन’ हा मंत्र. तिसऱ्या लेव्हलच्या खाली हा नियम लावू नका. कमाल शून्यावर गेलं की पात्र मरतं, आणि तिथे ते दोन फटक्यांत शून्यावर जातं.