मुंबई-लंडन विमान: तिकिटावर जाताना साडेचार तास, येताना साडेचौदा. असं कसं?

तुमच्या आई डिसेंबरमध्ये पहिल्यांदाच एकट्या लंडनला चालल्या आहेत. जाताना दुपारी १ ला निघून संध्याकाळी ५.३० ला पोहोचणार आणि येताना रात्री ९ ला निघून दुसऱ्या दिवशी सकाळी ११.३० ला उतरणार, हे तिकिटावर बघून तुम्ही गोंधळलात. तिकीट बरोबर आहे. त्यावरची प्रत्येक वेळ त्या त्या शहराची असते. हिवाळ्यात लंडन आपल्या साडेपाच तास मागे असतं, म्हणजे तिथे संध्याकाळचे साडेपाच वाजले की दादरला रात्रीचे ११. त्यामुळे जायला १० तास आणि यायला ९. (मार्चअखेर ते ऑक्टोबरअखेर तिथली घड्याळं तासभर पुढे करतात, तेव्हा फरक साडेचार तासांचा.)

सरळ हवाई अंतर ७,२०० किलोमीटरच्या आसपास. ताशी ९०० च्या वेगाने आठ तासांत पोहोचायला हवं, पण ती सरळ वाट पाकिस्तान, इराण, कॅस्पियन समुद्र करत युक्रेनवरून जाते. युक्रेनचं आकाश फेब्रुवारी २०२२ पासून प्रवासी विमानांना बंद आहे. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्ताननेही भारतीय कंपन्यांच्या विमानांना आपली हद्द बंद केली. मग अरबी समुद्र आणि आखातावरून वळसा घ्यावा लागतो.

जाता-येतानाचा फरक वाऱ्यामुळे पडतो. विमान उडतं त्या दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट प्रवाह वाहतात आणि थंडीत त्यांचा जोर वाढतो. जाताना हा वारा समोरून, येताना पाठीमागून. शिवाय तिकिटावरच्या वेळेत धावपट्टीपर्यंतचं रेंगाळणंही धरलेलं असतं. मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे रांग लागतेच. तरी ८ जून १९४८ ला एअर इंडियाचं लंडनला गेलेलं पहिलं विमान कैरो आणि जिनिव्हाला थांबत गेलं होतं, त्या मानाने आजचा प्रवास खूप सोपा झालाय.

पण आईंसाठी हिशोब दारापासून दारापर्यंतचा करा. एकच्या विमानासाठी सहारच्या विमानतळावर दहाच्या आत पोहोचायचं. डोंबिवली-कल्याणहून निघायचं तर आठला घर सोडा. उतरल्यावर इमिग्रेशन, सामान आणि तिथल्या घरापर्यंतचा रस्ता धरला तर टेकायला सतरा-अठरा तास होतात. व्हीलचेअर आधीच सांगून ठेवा. चालता येत असलं तरी सांगा, कारण व्हीलचेअर ढकलणारा माणूस इमिग्रेशनपर्यंत नेतो आणि लांबच लांब चालणं वाचतं.

गोळ्यांचं आधी ठरवा. माझ्या मावशीला पाठवलं तेव्हा प्रत्येक पुडीवर जाड पेनाने भारतातली वेळ लिहिली होती: ‘दुपारी २, जेवल्यावर’, ‘रात्री ९’. मनगटावरचं घड्याळ लंडनच्या घरी पोहोचेपर्यंत बदलायचं नाही, असं तिला बजावलं होतं. मोबाईल उतरल्यावर आपोआप तिथली वेळ दाखवायला लागतो आणि तिथेच गोळ्यांच्या वेळांचा गोंधळ होतो. इन्सुलिन असेल तर मात्र वेळा डॉक्टरांकडूनच लिहून घ्या. औषधं आणि त्यांची चिठ्ठी हातातल्या पिशवीत, मोठ्या बॅगेत नको. डायबेटिक जेवण हवं असेल तर तेही विमान कंपनीला आधीच कळवावं लागतं, विमानात बसल्यावर मागून मिळत नाही.