७४ वर्षांची आई पुण्यात एकटी राहते, घर सोडायला तयार नाही. कोणाची मदत मिळेल?

सोडायला लावूच नका. आधी जवळच्या ज्येष्ठ नागरिक संघात तिचं नाव घाला. भजन, सहली, वाढदिवस हे ठीक. खरा उपयोग असा की दोन दिवस ती दिसली नाही तर कोणीतरी येऊन बेल वाजवतं. पगारी माणसापेक्षा मला याचा भरवसा जास्त वाटतो.

एल्डरलाइन या ज्येष्ठांसाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा १४५६७ हा नंबर मोठ्या अक्षरांत फ्रिजवर चिकटवा. फोन फुकट, सकाळी ८ ते रात्री ८. पेन्शन, कायदा, छळ, नाहीतर नुसतं करमत नाही म्हणूनही बोलता येतं. रात्री-अपरात्री मात्र ११२.

पेन्शन असेल तर हयातीच्या दाखल्यासाठी नोव्हेंबरात बँकेत ताटकळायला नको. पोस्टमन घरी येऊन यंत्रावर बोट टेकवून घेतो, थोडं शुल्क पडतं. सत्तरीपुढच्यांना अनेक बँका रोख रक्कमही घरपोच देतात, पण शाखेत आपण होऊन कोणी सांगत नाही, विचारावं लागतं. आयुष्मान कार्डही काढून घ्या: ७० च्या पुढे वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार, उत्पन्नाची अट नाही.

आणि घराची एक किल्ली शेजारी द्या. आई कुरकुरेल, तरी द्याच.