होंडा गोल्ड विंग मोटारसायकलचे हँडल वेग उतरताना थरथरते. कारण कसे शोधावे?

ताशी ७० वरून ५० किलोमीटरवर उतरताना पकड सैल केली की हँडल डावी-उजवीकडे डोलते, असे आपण लिहिले आहे. गोल्ड विंगच्या जीएल १८०० या मॉडेलवर हा प्रकार जुना आणि परिचित आहे, त्यामुळे एकदम मोठ्या खर्चात पडू नये.

आधी टायर पाहावा. थंड असताना हवा मोजून घ्यावी आणि मग पुढच्या टायरच्या नक्षीवरून तळहात एकदा सुलट, एकदा उलट फिरवावा. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीच्या दात्यांसारखे टोचत असेल, तर टायर असमान झिजला आहे, मग नक्षी कितीही शिल्लक दिसो.

टायर ठीक असेल तर पुढचे चाक अधांतरी करून फोर्कची (पुढचे चाक धरणाऱ्या दांड्यांची) खालची टोके पुढे-मागे ओढावीत. ‘टक्’ असा झटका हाताला जाणवला, तर कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरते ती बेअरिंगची जोडी, सैल आहे. हँडल फिरवताना ते मधोमध खाचेत अडकल्यासारखे थांबत असेल, तर बेअरिंगच्या वाट्यांना खड्डे पडले आहेत आणि नुसते आवळून भागणार नाही. अनेक जण तेथे गोळ्यांच्या बेअरिंगऐवजी टेपर रोलर (निमुळत्या रुळांचे) बेअरिंग बसवतात, ते मला योग्य वाटते; मात्र प्रमाणाबाहेर आवळल्यास हळू चालवताना गाडी नागमोडी जाते.

थरथर फक्त ब्रेक दाबल्यावर येत असेल, तर डिस्क तपासावी. मागच्या पेटीतील जड सामान काढूनही एकदा चालवून पाहावे. हात सोडून मात्र नव्हे.