कोकणातल्या जुन्या चिरेबंदी घराला प्लास्टिक पेंट लावू का?

बाहेरून तरी नको. चिरा म्हणजे जांभा दगड, आणि जांभा सच्छिद्र असतो. पावसात पाणी पितो, उन्हाळ्यात सोडतो. रत्नागिरीकडे वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यात घर माडा-पोफळीच्या सावलीत, म्हणजे भिंतीला सुकायला मोजके महिनेच मिळतात. त्यावर प्लास्टिकचा थर चढवलात की ओल आतच कोंडते आणि दोन-तीन पावसाळ्यांत पोपडे सुटतात. सिमेंटच्या गिलाव्याचंही तेच. आमच्याकडे हौसेने केला होता, शेवटी छिन्नीने काढावा लागला.

चुनाच लावा. कळीचा चुना पाण्यात विरवून, काही दिवस मुरवून, गाळून घ्या. भिंत आधी ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने घासून शेवाळ काढा, स्वच्छ धुवा, आणि ओलसर असतानाच पातळ हात द्या, तीन तरी. वेळ जानेवारीनंतरची, दिवाळीच्या घाईत भिंती अजून ओल्याच असतात.

लाकडाला डिंबेल, म्हणजे काजूच्या टरफलांचं तेल लावा, वाळवीही लांब राहते. हातमोजे घाला, त्याने कातडी भाजते.

पण रंगाआधी पन्हळ आणि फुटकी कौलं बघा. भिंतीला टेकलेल्या फांद्याही तोडा.