कूपन एकच, सूट दोनदा कशी?

प्रश्न: नमस्कार सर, आम्ही वाशी मार्केटमधून हापूस उचलून नवी मुंबईत घरपोच देतो, वेबसाइट रेल्स या वेब-फ्रेमवर्कवर बनवून घेतलीय. २०० रुपयांचं कूपन एका ग्राहकाला एकदाच. तरी एका गिऱ्हाईकाला ते दोन ऑर्डरवर लागलं, दोन्हीची वेळ सेकंदापर्यंत सेम. डेव्हलपर म्हणतो युनिकनेस व्हॅलिडेशन (तीच नोंद आधी आहे का याची तपासणी) आहे, असं होऊच शकत नाही. एकदा दाबलं की बटणही बंद होतं. मग चुकतंय कुठे?
– एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर: ताई, होऊ शकतं, आणि व्हॅलिडेशन असूनही होतं. याला रेस कंडिशन म्हणतात. ते व्हॅलिडेशन आधी डेटाबेसला विचारतं, या ग्राहकाने हे कूपन वापरलंय का, 'नाही' आलं की मग नोंद टाकतं. या दोन्हींच्या मधे काही मिलिसेकंद जातात, तेवढ्यात दुसरी रिक्वेस्ट दुसऱ्या थ्रेडवर (सर्व्हरवर समांतर चालणाऱ्या कामात) तेच विचारते, पहिलीची नोंद अजून पडलेली नसते, म्हणून तिलाही 'नाही'च मिळतं आणि दोघी नोंद टाकून मोकळ्या. रेल्सच्या डॉक्युमेंटेशनमध्ये हे स्पष्ट लिहिलंय, डेटाबेसमध्येच युनिक इंडेक्स (तीच नोंद दुसऱ्यांदा पडूच न देणारा नियम) टाका म्हणून. इतकी महत्त्वाची गोष्ट लोक वाचतच नाहीत याचं मला खरंच वाईट वाटतं.

बटण बंद करून फक्त साधा डबल क्लिक अडतो. मुद्दाम करणारा स्क्रिप्टने थेट सर्व्हरला रिक्वेस्ट मारतो. पूर्वी नेटच्या मागेपुढे होण्यामुळे त्याचं टायमिंग चुकायचं, पण २०२३ मध्ये पोर्टस्विगर या वेब-सुरक्षा कंपनीच्या जेम्स केटलने दाखवून दिलं की एचटीटीपी/२ वर (यात एकाच कनेक्शनवरून अनेक रिक्वेस्ट एकत्र जातात) २०-३० रिक्वेस्ट जवळजवळ पूर्ण पाठवून ठेवायच्या आणि सगळ्यांचा शेवटचा तुकडा एकाच पॅकेटमधून सोडायचा, म्हणजे त्या सर्व्हरवर एकदमच पोचतात. त्यामुळे 'इतकं टायमिंग कोण जुळवणार' हे आता धरून चालू नका.

डेव्हलपरला सांगा, कूपन-वापराच्या टेबलवर ग्राहक आणि कूपन या जोडीवर युनिक इंडेक्स टाक, मग दुसरी नोंद डेटाबेसच नाकारेल, तो एरर पकडून 'कूपन वापरून झालंय' असा मेसेज दे, आणि नोंद व ऑर्डर एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये ठेव, म्हणजे दोन्ही होतील नाहीतर एकही नाही. पेट्यांचा स्टॉकही बघा बरं का, तिथे इंडेक्सचा उपयोग नाही, 'शिल्लक असेल तरच एक कमी कर' हे एकाच अपडेटमध्ये हवं, नाहीतर शेवटची पेटी दोघांना विकली जाईल.

त्या गिऱ्हाईकाला मात्र लगेच चोर ठरवू नका, दोन टॅब उघडे असले तरी असं होतं. आणि इंडेक्स टाकायच्या आधी जुन्या डबल नोंदी निस्तरा, नाहीतर मायग्रेशन (डेटाबेसमधला हा बदल) तिथेच अडकेल.