जुनं मळणीयंत्र पुन्हा चालू करताना

आजोबांचं मळणीयंत्र निफाडच्या शेडमधून बाहेर काढतोयस, छान. आधी इंजिन बघ. लिस्टर पद्धतीचं (म्हणजे जुन्या इंग्लिश लिस्टर कंपनीच्या नमुन्याचं संथ डिझेल इंजिन) सहा हॉर्सपॉवरचं असेल तर ते मिनिटाला ६५० फेऱ्यांचंच, उगाच पळवू नकोस. हँडल मारताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेव. उलटा झटका बसला तर मनगट गेलंच म्हणून समज.

इंजिनावरून यंत्राला जाणारा पट्टा उतरला की तो घसरू नये म्हणून लोक राळ चोळतात. मला ते पटत नाही. दोरी धरून दोन्ही पुल्या एका रेषेत आण.

गहू ऊन चढल्यावरच मळ, दाणा दाताखाली कटकन फुटला पाहिजे. दाणे तुटायला लागले तर ड्रमचा, म्हणजे ओंब्या झोडणाऱ्या फिरत्या पिंपाचा, वेग कमी कर किंवा त्याचं खालच्या जाळीपासूनचं अंतर वाढव. ओंबीत दाणा राहतोय? मग उलट.

सगळ्यात वाईट म्हणजे जुन्या यंत्राचं पेंढी घालायचं तोंड. ते आखूड असतं, हात थेट ड्रमपर्यंत जातो. आमच्या वेळी गावोगाव हात गमावलेली माणसं दिसायची. १९८३ साली धोकादायक यंत्रांचा कायदा आला तो असल्या अपघातांपायीच. वेल्डरकडून ते तोंड किमान ९० सेंमी लांब आणि ड्रमकडचं निम्मं वरून झाकलेलं करून घे. उपरणं, कडं, सैल बाही काढून ठेव. आणि रात्रीची मळणी नकोच, मजूर कितीही म्हणोत.