‘त्रास काही नाही’, तरी वजनासाठी डॉक्टरकडे जायचं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय ३८, पुण्यात बैठं काम, उंची १६८ सेंटिमीटर, वजन ८६ किलो, कंबर १०४ सेंटिमीटर. उपाशीपोटी साखर १०८, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २१०, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ३६, बीपी १३८/८८, यकृताच्या तपासणीत एसजीपीटी ६२, एसजीओटी ४८, प्लेटलेट २ लाख १० हजार. बायको म्हणते, घोरता. ‘सगळं बॉर्डरवर आहे पण त्रास काही नाही. पुढे काय होतं, आणि डॉक्टरकडे कधी जायचं?’

आत्ताच जायचं. रिपोर्टची एकेक ओळ वाचली तर प्रत्येक आकडा जेमतेम कुंपणाबाहेर दिसतो, पण या ओळी सुट्या वाचायच्या नसतात. अशा बिघाडांच्या एकत्र येण्याला मेटॅबॉलिक सिंड्रोम म्हणतात. तो ठरवताना पाच गोष्टी एकत्र बघतात: पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटर किंवा जास्त (बाईची ८०), ट्रायग्लिसराइड १५० किंवा जास्त, एचडीएल ४० पेक्षा कमी (बाईचं ५०), बीपी १३०/८५ किंवा वर, उपाशीपोटी साखर १०० किंवा वर. यातल्या तीन असल्या की निदान पक्कं. तुमच्या पाचही आहेत. अशा माणसाला मधुमेहाचा धोका साधारण पाचपट आणि हृदयविकाराचा दुप्पट धरतात. काही लॅब साखरेची नॉर्मल मर्यादा ११० छापतात, म्हणून तुमच्या १०८ समोर ठळक खूण आली नाही, इतकंच.

बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती, ते काढू. ८६ भागिले १.६८ चा वर्ग, म्हणजे ३०.५. आपल्याकडे २३ च्या पुढे जास्त वजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात. पाश्चात्त्यांसाठीची २५ आणि ३० ही मोजपट्टी आपल्याला ढिली पडते. याचा एक सुंदर दाखला पुण्यातलाच आहे. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन यूडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचंच उदाहरण छापलं. दोघांचाही बीएमआय २२.३. अंगातली चरबी मात्र यूडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. आपण दिसायला बारीक आणि आतून जाड असू शकतो. तुम्ही तर दिसायलाही बारीक नाही, तेव्हा वजनकाट्यापेक्षा टेपवर जास्त विश्वास ठेवा.

टेप लावायची जागाही सांगून ठेवतो, कारण बहुतेकांची इथेच चूक होते. पँटचा साइज म्हणजे कंबर नव्हे. पोट सुटलेला माणूस पट्टा पोटाखाली बांधतो, त्यामुळे ३६ ची पँट घालणाऱ्याची खरी कंबर ४१ इंच निघते. सर्वांत खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, कपड्यांवरून नाही, सहज श्वास सोडल्यावर मोजायचं. उंचीच्या निम्म्याच्या आत असावी. तुमच्यासाठी ८४.

आता पुढे काय होतं ते. कातडीखाली चरबी साठवायची प्रत्येकाची एक क्षमता असते आणि आपली ती बेताची असते. कोठार भरलं की चरबी यकृतात, स्वादुपिंडात, स्नायूंत, हृदयाभोवती जाते. चरबीने भरलेलं यकृत इन्शुलिनचं ऐकेनासं होतं आणि रात्रभर साखर सोडत राहतं, म्हणून जेवणानंतरची साखर ठीक असली तरी सकाळची वाढते. तेच यकृत रक्तात ट्रायग्लिसराइड ओततं आणि त्यापाठोपाठ एचडीएल घसरतं. म्हणजे तुमच्या रिपोर्टमधल्या तीन-चार ओळींचा उगम एकच आहे. स्वादुपिंड काही वर्षं जास्त इन्शुलिन बनवून हे झाकून ठेवतं. ते थकलं की मधुमेह ‘अचानक’ होतो.

फॅटी लिव्हरबद्दल ‘सोनोग्राफीत ग्रेड वन आलंय, सगळ्यांनाच असतं’ हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. ग्रेड म्हणजे चरबी किती हे झालं. यकृताला व्रण पडू लागलेत का, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी फिब-४ हा साधा हिशेब आहे: वय गुणिले एसजीओटी, भागिले (प्लेटलेट हजारात गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ). तुमचं ३८ × ४८ म्हणजे १८२४, भागिले (२१० × ७.९), उत्तर १.१. १.३ च्या खाली म्हणजे सध्या मोठा व्रण असण्याची शक्यता कमी. एक-दोन वर्षांनी पुन्हा काढायचा. १.३ च्या वर गेला तर फायब्रोस्कॅन, म्हणजे यकृत किती कडक झालंय ते मोजणारी तपासणी. दारू घेत असाल तर डॉक्टरांना खरं प्रमाण सांगा, वीकेंडचं धरून.

घोरण्याला घरात हसतात, पण मला तुमच्या यादीत सगळ्यात जास्त तेच खटकतं. झोपेत घसा बंद होतो, ऑक्सिजन खाली जातो, शरीर दचकून जागं होतं. हे तासाला १५-२० वेळा झालं की सकाळी डोकं जड आणि बीपी वर. मान ४० सेंटिमीटरपेक्षा जाड असेल, झोपेत श्वास थांबल्याचं बायकोने पाहिलं असेल, किंवा दुपारी मीटिंगमध्ये डोळे मिटत असतील, तर स्लीप स्टडी करून घ्या. ती घरीही होते. एक्सप्रेसवेवर गाडी चालवताना डुलकी येत असेल तर तपासणी होईपर्यंत गाडी दुसऱ्याला द्या.

गुडघ्यांचा हिशेब सोपा आहे: घटलेल्या प्रत्येक किलोमागे चालताना दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने कमी होतो. लठ्ठपणाचा संबंध तेरा प्रकारच्या कर्करोगांशी जोडला गेला आहे, त्यात मोठं आतडं, मूत्रपिंड, यकृत, गर्भाशयाचं अस्तर आणि पाळी गेल्यानंतरचा स्तनाचा कर्करोग येतात. घरात कुणाला पाळी गेल्यानंतर एक डाग जरी दिसला तरी स्त्रीरोगतज्ज्ञाकडे नेऊन आणा.

थांबायचंच नाही अशा खुणा वेगळ्या: छातीत दुखणं, एक पाय सुजून धाप लागणं, कावीळ, डोकेदुखीबरोबर धूसर दिसणं. दोन-तीन आठवड्यांत पाय सुजून चार-पाच किलो वाढले तर ती चरबी नसते, पाणी असतं. हृदय आणि किडनी बघावी लागते. पोटावर बोटभर रुंद जांभळे पट्टे, सहज पडणारे काळे-निळे डाग आणि जिना चढताना मांड्यांत जोर नसणं ही तिन्ही एकत्र असतील तर कॉर्टिसॉल हे हार्मोन तपासतात. थायरॉईडवर मात्र सगळा दोष टाकू नका. तो कमी असल्याने वाढतात ते सहसा दोन-चार किलो.

उपचार सुरू होतात ते ५ ते १० टक्क्यांच्या लक्ष्याने. ५ टक्के म्हणजे ४.३ किलो, यात साखर आणि बीपी हलायला लागतं. यकृतासाठी ७ ते १० टक्के लागतात. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत ७ टक्के वजनघट आणि आठवड्याला १५० मिनिटं चालणं एवढं लक्ष्य ठेवलेल्या गटात मधुमेह ५८ टक्क्यांनी कमी झाला. तुमच्यासाठी ७ टक्के म्हणजे ६ किलो. ७० किलोचं स्वप्न सध्या बाजूला ठेवा.

स्वयंपाकघरात पहिला हिशेब तेलाचा. तीन माणसांच्या घरात महिन्याला ५ लिटरचा डबा संपत असेल तर माणशी रोज ५५ मिलि, म्हणजे साधारण ४५० कॅलरी पडतात. डबा दोन महिने पुरवायचा. दुसरा हिशेब प्रथिनांचा: पातळ वरणाच्या वाटीत जेमतेम ४-५ ग्रॅम असतात. रोज ७०-८० ग्रॅमला पोचायचं (किडनीचा त्रास नसेल तर), तर घट्ट उसळ, पिठलं, दही, अंडी किंवा पनीर दोन्ही जेवणांत हवं. पोह्यांत मोड आलेली मटकी घाला. आणि उपवास! साबुदाण्याची खिचडी, वेफर्स, राजगिऱ्याचा लाडू असा गुरुवार पुष्कळ घरांत आठवड्यातला सगळ्यात जड दिवस असतो.

तळजाई किंवा वेताळ टेकडीवर जरूर जा, पण तासभर भराभर चालून ३०० च्या आसपास कॅलरी जातात आणि खाली उतरल्यावरचा एक वडापाव तेवढ्याच परत देतो. गुडघे दुखत असतील तर चढापेक्षा उतार वाईट. सपाट रस्ता धरा. आठवड्यातून दोनदा वजनं उचलण्याचा व्यायाम हवाच. नुसतं कमी खाल्लं तर स्नायूही झिजतात. आठवड्याला दीड किलोहून जास्त वेगाने उतरलात तर पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो. वजन कमी करायला थायरॉईडच्या गोळ्या कुणी दिल्या तर घेऊ नका, त्याने हृदयाचे ठोके बिघडतात.

हे नीट करूनही तीन ते सहा महिन्यांत ५ टक्के घटलं नाही तर औषधांविषयी बोला. टिर्झेपटाइड भारतात २०२५ च्या मार्चपासून मिळतं, सेमाग्लुटाइडही आहे. दोन्ही आठवड्याला एक इंजेक्शन, बीएमआय ३० पासून, किंवा सोबत आजार असेल तर २७ पासून. डोस हळूहळू वाढवतात, कारण घाई केली की मळमळ, उलट्या आणि बद्धकोष्ठता होते. घरात मेड्युलरी थायरॉईड कर्करोग असेल तर ही घेत नाहीत. सेमाग्लुटाइड बंद केल्यावर वर्षभरात घटलेल्या वजनापैकी जवळपास दोन-तृतीयांश परत आल्याचं दिसलं आहे, म्हणून ‘तीन महिने घेतो’ असा बेत करू नका. वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेचा विचार आशियाई लोकांत बीएमआय २७.५ पासून करता येतो असं २०२२ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशी सांगतात. विमा मात्र सहसा ४० ला, किंवा ३५ सोबत अनियंत्रित मधुमेह वा गंभीर स्लीप अ‍ॅप्निया (झोपेत श्वास थांबणं) यांसारखा आजार असेल तरच पैसे देतो.

आधी फिजिशियन, मग लागलं तर एंडोक्रायनॉलॉजिस्ट, म्हणजे हार्मोनचे डॉक्टर. जाताना घरचं सात दिवसांचं बीपी न्या, सकाळ-संध्याकाळ. दंड ३२ सेंटिमीटरपेक्षा जाड असेल तर बीपी मशीनचा मोठा कफ (दंडाला गुंडाळायचा पट्टा) वापरा, लहान कफ बीपी वाढवून दाखवतो. एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) आणि लघवीतलं अल्ब्युमिन करून न्या. चालू गोळ्यांची यादी न्या. स्टेरॉइड, ओलान्झापिन, व्हॅल्प्रोएट, मिर्टाझापिन यांनी वजन वाढतं, पण स्वतःहून बंद करू नका. आणि घोरण्याचा दोन मिनिटांचा व्हिडिओ. तो बायकोलाच काढायला सांगा.